पडवीचा उतार

आमच्या ह्यांचं नाव सहदेव. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण शाळेत रोज चाळीस पोरांची नावं घेते, त्यात एक इथे लिहिलं म्हणून काही बिघडत नाही. पुढे मात्र मी 'हे' असंच म्हणणार. हे अठ्ठावीस वर्षं भांडुपला एका रंगाच्या कारखान्यात होते आणि मी इथे, रत्नागिरीपासून अकरा मैलांवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत तांबेबाई. वर्षातून दोनदा ते घरी यायचे, मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला आणि दिवाळीच्या सुटीत. आठ दिवस, फार तर दहा. बाकीचा संसार पोस्टकार्डावर झाला.

१९८६च्या जानेवारीत ते रिटायर होऊन आले. एक ट्रंक, एक वळकटी आणि पोत्यात बांधलेले रंगाचे डबे. डबे बघून मला वाटलं, चला, घराला रंग तरी निघेल. तसं मी बोलूनही दाखवलं.

"हे भितीचे न्हायत," ते म्हणाले. "हे माझे हायत."

मग चहा पिता पिता दुसरीही गोष्ट त्यांनी सांगून टाकली. "बगतो दिवाळीपर्यंत. जमलं तर ऱ्हातो. भांडुपची जागा अजून सोडली न्हाय."

भांडुपची जागा म्हणजे एका खोलीतल्या नऊ खाटांपैकी एक खाट आणि तिच्यावर भिंतीत एक खिळा. त्या खिळ्याच्या तोडीचं काही आमच्या घरात आहे का, हे बघायला ते आले होते म्हणायचे. मी कप उचलले आणि विसळायला मागल्या दारी गेले.

मला ते राहायला हवे होते, हे आधीच सांगून टाकते. ह्या वयात त्याला काय नाव द्यायचं ते मला ठाऊक नाही. मी चोपन्न वर्षांची होते आणि थकले होते. शाळा, चूल, गोठा ह्यांनी हातपाय थकतात, ते झोपून उठलं की बरे होतात. पण कौलं कधी परतायची, लेकीला, हौसाला, अलोऱ्याच्या स्थळी द्यायचं की नाही, गाय रात्री चारा खात नाही तर डॉक्टर बोलवायचा की सकाळपर्यंत थांबायचं, हे सगळं एकटीनं ठरवून ठरवून जो थकवा येतो तो झोपेनं जात नाही. निम्मं काम नको, निम्मा विचार कुणीतरी उचलावा एवढीच माझी अपेक्षा होती.

त्यांनी विचार उचलला नाही. त्यांनी माझ्या करवंट्या उचलल्या.

चुलीत घालायला म्हणून मी परसात करवंट्यांचा ढीग करून ठेवते. त्यातल्या निवडून निवडून बिनभोकाच्या वीस-पंचवीस करवंट्या त्यांनी घासून पडवीत ओळीनं मांडल्या. एकेका करवंटीत एकेक रंग. तेलाचा नव्हे, पाण्याचा रंग, ॲक्रिलिक का काय म्हणतात तो. ओला असेपर्यंत नुसत्या पाण्यानं धुऊन निघतो आणि एकदा वाळला की घासूनही जात नाही. त्यात पाणी घालायचं, सुताराकडचा पांढरा गोंद घालायचा, ढवळत बसायचं. मग एका मोठ्या करवंटीत थोडा निळा, त्यावर पांढरा, त्यावर हिरवा, असं हळूच एकावर एक सोडायचं, ढवळायचं मात्र नाही. वाण्याकडून आणलेल्या चहाच्या खोक्याचं प्लायवूड जमिनीवर ठेवायचं आणि ते सगळं त्याच्यावर ओतायचं. झालं. पुढचं काम रंगाचं. हे नुसते उकिडवे बसून बघणार.

"ह्याचं काय करायचं मग?" मी विचारलं.

"करायचं काय? बगायचं."

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मुंबईची हवा सुटायला वेळ लागतो माणसाला. दुसऱ्या आठवड्यात वाडीतली माणसं पाणी न्यायच्या निमित्तानं डोकावून जाऊ लागली. जाईबाई म्हणाली, "बाय, तुजा घोव पोरावानी चिखल खेलतो." मी म्हटलं, खेळू दे, तुझा दारू पितो. ती गेली, पण वाक्य माझ्याजवळ राहिलं.

एकदा जेवताना त्यांनी आपणहून सांगितलं. कारखान्यात ते शेड जुळवायचे. गिऱ्हाइकाचा रंगाचा तुकडा यायचा, तसाच्या तसा रंग घोटून द्यायचा. जरासा पिवळा जास्त झाला की अख्खी बादली परत. संध्याकाळी नमुन्यांचे पेले एका पत्र्याच्या तसराळ्यात उपडे करायचे. तिथे दिवसभराचे रंग एकमेकांशेजारी पडायचे आणि आपल्या वाटेनं जायचे. ते बघत उभं राहावंसं वाटायचं, पण मागे साहेब असायचा आणि पुढे नळी घेऊन धुणारा.

"अट्ठावीस वर्सं रंगाला सांगितलं, असाच हो," ते म्हणाले. "आता म्हटलं, तू काय व्हतोस ते बगतो."

हे एवढं लांबलचक बोलणं त्यांनी माझ्याशी लग्नानंतर पहिल्यांदाच केलं असेल. मी त्यांच्या ताटात भात वाढला. मला म्हणायचं होतं, मलाही कुणी असं विचारलं असतं तर बरं झालं असतं. म्हटलं नाही.

एक फळी मला मनापासून आवडली होती. पांढऱ्यातून बाटलीहिरवा सरकत गेला होता आणि त्याच्या कडेला कुठूनसा तांबूस रंग आला होता, जो त्यांनी घातलाच नव्हता. शाळेतून आले की हातपाय धुवायच्या आधी मी ती फळी बघायचे. तेही त्यांना सांगितलं नाही. आमच्या घरात न सांगितलेल्या गोष्टींचा साठा बराच आहे.

भांडण सुरू झालं ते जमिनीवरून. भांडण तरी कसं म्हणू, कारण बोलत एकटे तेच होते. फळीवर ओतलेला रंग सगळीकडे सारखा पसरायला हवा, त्यासाठी खालची जमीन सपाट हवी. आमच्या पडवीत मात्र ओतलेला प्रत्येक रंग अंगणाच्या बाजूला निघायचा आणि तिथून दक्षिणेच्या कोपऱ्याकडे वळायचा. सकाळी बघावं तर फळीचा वरचा भाग उघडा आणि खालच्या कडेवरून रंग ओघळून जमिनीवर वाळलेला. त्यांनी फळ्यांखाली काड्यापेट्या ठेवल्या, कौलांचे तुकडे ठेवले, नारळाच्या सोडणाच्या चिपा ठेवल्या. एक फळी सरळ झाली की शेजारची वाकडी. दोन-दोन दिवस वाळायला लागायचे, तोवर कोंबडी जायची, वारा लागायचा, एखादी चिप सरकायची.

"कुनी केलीन ही जमीन?" ते एकदा वैतागून म्हणाले. "ज्यानं केलीन त्याला गवंडी कुनी म्हटलान?"

ही जमीन मी केली होती.

हे घर १९७१ सालचं. ह्यांचं जुनं घर खाली वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या अंगाला, दाट झाडीत, ते पडायला आलं म्हणून वर सड्यावर, उघड्या कातळावर, शाळेजवळ मी हे बांधून घेतलं. चिरे, वासे, कौलं, सगळं मीच बघितलं. घराचं तोंड पश्चिमेला आणि समोर समुद्रापर्यंत आडवं काही नाही. पडवीला कोबा घालायचा तेव्हा भिकू गवंड्याला मी म्हटलं, उतार पाहिजे. त्यानं थापी फिरवली आणि म्हणाला, झाला उतार. तीन वर्षांची हौसा माझ्या कडेवर होती. मी कळशीभर पाणी आणून उंबऱ्यापाशी ओतलं. मधेच थांबलं. त्याला परत करायला लावलं. दुसऱ्यांदा ओतलं, तर पाणी पायरीवरून जायला लागलं, म्हणजे पायरी झिजणार. परत करायला लावलं. तिसऱ्यांदा पाणी उंबऱ्यापासून निघालं, बाहेर गेलं, दक्षिणेच्या कोपऱ्याकडे वळलं आणि तिथून परसातल्या माडाच्या आळ्यात पडलं. भिकू माझ्याकडे बघत राहिला. मी त्या रात्री ह्यांना कार्ड लिहिलं, पडवीचा कोबा झाला. दहा दिवसांनी उत्तर आलं, बरे झाले.

'कुणी केली' असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणायला हवं होतं, मी केली, आणि का केली ते ऐका. नाही म्हटलं. समजावून सांगायचाही एक कंटाळा असतो. पोरांना दिवसभर समजावते, घरी येऊन परत फळा पुसायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, हे माझ्यानं होईना. शिवाय खरं सांगायचं तर मला राग आला होता. इतका साधा प्रश्न विचारायला ह्या माणसाला पंधरा वर्षं लागली आणि विचारला तोही शिवी दिल्यासारखा.

मे महिन्यात राजापूरला शिक्षकांचं दहा दिवसांचं शिबिर होतं. मी गेले. परत आले तेव्हा एसटीतून उतरून सड्यावरची चढण चढता चढता बघते तर पडवी वेगळीच दिसत होती. जवळ गेल्यावर कळलं. नवा कोबा घातला होता. गुळगुळीत, राखाडी, तंतोतंत सपाट. खालची कड उचलून वर आणली होती आणि रंग अंगणात गळू नये म्हणून त्या कडेला दोन बोटं उंचीचा बांधही घातला होता. दाराकडेही थर चढला होता. पूर्वी चार बोटं असलेला उंबरा आता दोन बोटं उरला होता. मधोमध काचेच्या नळीची पाणसळ ठेवली होती, मला दाखवायला.

"बुडबुडा बग," हे म्हणाले. "अगदी मधी."

इतक्या वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. हाताला सिमेंटनं भेगा पडल्या होत्या. गवंडी न घेता स्वतः केलं होतं सगळं.

मी पिशवी खाली ठेवली. "उतार होता तो," मी म्हटलं.

"तोच काडला."

"पावसात पानी कुठं जायचं?"

"पडवीत पानी येतंय कशाला? वर छप्पर हाय. आमच्या जुन्या घरात पडवीत कधी थेंब आला न्हाय."

जुनं घर वहाळात होतं, झाडीत होतं. सड्यावरच्या ह्या घरात त्यांनी पंधरा वर्षांतले पंधरा मे आणि पंधरा दिवाळ्या काढल्या होत्या. एकही आषाढ काढला नव्हता. इथला पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं आणि मला पक्कं ठाऊक होतं. पहारीच्या चार ठोक्यांत तो बांध फुटला असता. मी काय केलं? मी आत गेले आणि चहा टाकला. येऊ दे आषाढ, मग कळेल, असं मी मनात म्हटलं. शिक्षिका असूनही माझ्यात ही एक वाईट खोड आहे. पोरगं चुकतंय हे दिसत असूनही मी कधीकधी त्याला फळ्यावरचं गणित शेवटपर्यंत चुकू देते.

मे संपेपर्यंत आणि पुढेही महिनाभर ते सुखात होते. रंग सगळीकडे सारखा पसरायचा. वाळलेल्या फळ्या पडवीच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, चौदा झाल्या. मी नेहमीप्रमाणे पश्चिमेला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधून घेतली, त्यामुळे साध्या सरींचं काही वाटलं नाही. "बगितलंस?" ते म्हणाले. भांडुपचा विषय दीड महिना निघाला नव्हता. एकदा तर म्हणाले, पावसाळा सरला की परसात फळ्या ठेवायला एक मांडव घालूया. 'घालूया' म्हणाले, 'घालतो' नव्हे. मी त्या शब्दावर आठवडाभर काढला आणि पडवीकडे बघायचं टाळलं.

आषाढातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी वारा फिरला. आम्ही जेवायला बसलो होतो. झापं एकामागून एक सुटली आणि पाऊस आडवा होऊन सरळ पडवीत शिरला. अर्ध्या तासात पडवीची टाकी झाली. बांधाच्या आत दोन बोटं पाणी उभं राहिलं, आणि बांध दोन बोटांचा तसा उंबराही दोन बोटांचाच. पाण्याला काय, जिकडे वाट मिळेल तिकडे ते जाणार. ते घरात आलं. माजघराची जमीन मी आदल्याच दिवशी सारवली होती. शेणाचा लगदा होऊन तो पाण्याबरोबर चुलीकडे निघाला.

हे फळ्या उचलत होते. दोन काखेत, दोन हातात, ठेवणार कुठे, आत पाणी, बाहेर पाणी. मी ओरडले, "बांध फोडा."

ते तसेच उभे. फळ्या धरून बांधाकडे बघत होते.

मी गोठ्यातून पहार आणली आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात घातली. बांध चार ठोक्यांत फुटला, मला वाटलंच होतं. पण जमीन सपाट, पाणी जायला तयार नाही. मग मी खराटा घेऊन ते लोटत बसले, संध्याकाळपर्यंत. लुगडं भिजून पायाला चिकटलं होतं. कंबर बोलत होती. मला एकदाही 'कळलं का आता' असं म्हणावंसं वाटलं नाही. तेवढ्यासाठी मी दीड महिना थांबले होते आणि आता ते वाक्य तोंडात धरायचीही ताकद नव्हती.

फळ्यांचा रंग जसाच्या तसा राहिला. प्लायवूड मात्र फुगलं आणि पापुद्रे सुटले. माझी ती बाटलीहिरवी फळी पुस्तकासारखी उघडली. त्यांनी सगळ्या फळ्या गोठ्याच्या मागे नेऊन ठेवल्या. मंगळवारी रत्नागिरीला गेले आणि आल्यावर म्हणाले, "सनवारची साडेसातची गाडी. जागा मिळाली."

"दिवाळीपर्यंत म्हटलं होतं."

"दिवाळीला काय व्हनाराय? ह्या घराचं मला कायच ठावं न्हाय. हात लावीन तितं वाकडं."

बुधवारी त्यांनी ट्रंक उघडून कपडे पिशवीत भरले आणि पिशवी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. मी वह्या तपासत होते. तिसरीतल्या एका पोरानं सातापैकी सात गणितं चुकवली होती. त्यांच्यावर लाल फुल्या मारता मारता मला एकाएकी रडू आलं. शाईवर पडेल म्हणून वही बाजूला सरकवली आणि मी बोलायला लागले. भिकूचं, कळशीचं, कडेवरच्या हौसाचं, तीनदा केलेल्या कोब्याचं, कार्डाचं. सगळं सांगितलं. हेही सांगितलं की पाणी येणार हे मला मे महिन्यातच ठाऊक होतं.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "सांगितलं न्हायस."

"इचारलं न्हाय तुमी."

"इचारलं. कुनी केली म्हनून इचारलं."

"असं इचारतात?"

मी पुढची वही ओढली. "मी दमलंय," मी म्हटलं. "तुमी ऱ्हावा नायतर जावा. मी तुमाला थांबा म्हननार न्हाय. पन ह्या घरात काय करायचं ते मी एकटीनं ठरवून ठरवून दमलंय, एवढं ठाऊक असू दे." हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षांत कुणालाच बोलले नव्हते, अलोऱ्याला नांदणाऱ्या हौसालाही नाही. बोलून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. उरलेल्या वह्या तपासल्या आणि झोपले.

गुरुवारी शाळेतून आले तर पडवीत छिन्नी वाजत होती. ते उकिडवे बसून कोबा फोडत होते. उरलेला बांध निघाला होता, बाहेरची कडही निम्मी निघाली होती. घमेल्यात तुकडे भरत होते. मी बाजूनं आत गेले, चहा केला, एक कप त्यांच्याजवळ ठेवला. मला वाटलं, माणूस जाताना आपला पसारा आवरून जातो, तसं चाललं आहे. पिशवी खिळ्याला तशीच होती.

शुक्रवारी आले तर पुढल्या दारात आडवी काठी लावली होती. म्हणून मागल्या दारानं आत गेले आणि माजघरातून बघितलं. मेमधलं उरलेलं अर्धं पोतं सिमेंट संपवून त्यांनी नवा कोबा घातला होता. झापं पुन्हा पक्की बांधली होती. थापी धुऊन ठेवली होती. पाणसळ कुठे दिसत नव्हती. आम्ही जेवलो, गाडीचं कुणीच काही बोललं नाही. मी त्यांच्यासाठी सकाळचं पीठ मात्र मळून ठेवलं, चपात्या बांधून द्यायला. शनिवारी माझी सकाळची शाळा असते. रत्नागिरीला साडेसातला पोहोचायचं तर त्यांना सहाला तरी निघायला हवं होतं.

साडेपाचला उठले तेव्हा त्यांची वळकटी गुंडाळलेली होती. मी दाराकडे बघितलं. पिशवी खिळ्याला होती. बाहेर उजाडत होतं आणि ते उंबऱ्यावर बसून बोटांनी कोब्यावर पाणी शिंपडत होते.

"गाडी साडेसातची ना?" मी विचारलं.

"शिमिट वलं हाय," ते म्हणाले. "पाय कुठं ठेवू?"

"मागलं दार हाय की."

"मागल्या दारानं मुंबैला कोन जातंय?"

मी तिथेच उभी राहिले. ज्याला शनिवारी सकाळी जायचं असतं तो शुक्रवारी संध्याकाळी दारात सिमेंट घालत नाही, हे मला तेव्हा कळलं. तोवर माझ्या डोक्यात नुसतं त्या चपातीच्या पिठाचं काय करायचं हेच होतं.

त्यांनी बाजूची कळशी पुढे सरकवली. आत पाणी निळं होतं. शेवटच्या डब्यात तळाला राहिलेला रंग त्यांनी पाण्यात कालवला होता. "नुसतं पानी दिसत न्हाय ह्या उजेडात," ते म्हणाले. "तू वत. मला ह्यातलं मापानं कळत न्हाय. तू कसं बगितलं व्हतंस?"

"वतून."

"मग वत."

मी कळशी घेतली. जड होती. उंबऱ्याच्या आत उकिडवी बसले, पूर्वी बसले होते तशीच, फक्त गुडघे आता दुखत होते आणि कडेवर कुणी नव्हतं. हळूच ओतलं. निळं पाणी उंबऱ्यापासून निघालं, पडवीच्या मध्यापर्यंत गेलं, जरा रुंद झालं आणि बाहेरच्या कडेला लागलं. तिथून दक्षिणेला वळलं. हे माझ्या शेजारी येऊन बसले होते. दोघंही बघत होतो. कोपऱ्याच्या हातभर अलीकडे पाणी थांबलं. थोडं फिरलं, तिथेच साचलं, आणि ताज्या सिमेंटवर निळा डाग धरायला लागलं.

"अडलं," मी म्हटलं.

"कितीनं?"

"बोटभर. कोपरा अजून खाली पायजे."

ते पुढे वाकून त्या साचलेल्या निळ्याकडे बघत राहिले, रंग कुठे जातो ते बघायचे तसेच. मग माझ्या हातातली कळशी घेतली आणि बाजूला ठेवली.

"आता शिमिट न्हाय," ते म्हणाले. "सोमवारी आनतो. मग करूया."